हौसाबाईचा उपास

आमच्या घरात मधुमेहाचे पेशंट दोन होते, आणि त्यातल्या त्यात पथ्याला पक्की होती ती हौसा. हौसा मांजर होती.

दुसरे पेशंट म्हणजे आबा, माझे वडील. फ्रिजच्या दारात दोघांच्या इन्शुलिनच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या असत. घोटाळा नको म्हणून मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, ‘आबा’ आणि ‘हौसा’. (एका पाहुण्यांनी त्या वाचून मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ह्या हौसाबाई कोन? आत्या का तुमच्या?”) रोज सकाळी आबा आधी स्वतःच्या पोटाला सुई टोचत आणि मग हौसाला हाक मारत, “चल गं, आता तुझा नंबर.” आणि ती यायची! आबांच्या मांडीवर चढून मान खाली घालायची. आबांना मात्र संध्याकाळच्या सुईसाठी घरभर शोधावं लागे, आणि ते गुळाच्या डब्याजवळ सापडत.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही निरगुडसरला राहत होतो, मी घोडेगावच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. हौसा मूळची आईची. आईनं तिला साखर घातलेल्या दूधभाकरीवर वाढवलं, आणि त्याचं फळ हौसाला उतारवयात मिळालं. आई होती तोवर आबांनी त्या मांजराचं कधी नाव घेतलं नाही. “ह्ये तुझं धूड हटव,” एवढाच त्यांचा संबंध. मग आई गेली. तीन दिवसांच्या तापात गेली, कुणाला काही कळायच्या आत. त्यानंतर हौसा दिवसभर चुलीजवळ आईच्या पाटावर बसून राहायची आणि आबा समोर बसून तिच्याकडे बघत राहायचे. महिन्याभरानं मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं, आबा आत कुणाला तरी म्हणत होते, “अगं ऐकलंस का? लई उकडतंय आज.” आईशी ते जन्मभर असंच बोलले. मी घाबरून आत डोकावलो तर समोर हौसा! तिनं डोळे मिटून हुंकार दिला. आईसुद्धा यापेक्षा जास्त उत्तर देत नसे.

तर अशा या हौसानं एके दिवशी खाणं सोडलं. तोंडाला वास यायला लागला, दुधाला जीभ लावायची आणि मागे सरायची. घोडेगावला मी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली. ते भले गृहस्थ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “साहेब, गाय असती तर मी तोंडात कोपरापर्यंत हात घातला असता. हिला तुमी पुण्याला न्या.” तिला इन्शुलिन सुरू करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून बघितलं. दोन दाढा किडलेल्या, हिरडी सुजलेली. “हा सडका भाग आत आहे तोवर साखर आटोक्यात येणार नाही. आणि खाल्लं नाही तर इन्शुलिन देणंही धोक्याचं. दाढा काढाव्याच लागतील, लवकर.”

पण खरी पंचाईत वेगळीच झाली होती. हौसा जेवेना म्हणून आबाही जेवेनात!

“आबा, सुई घेतलीय, खावं लागंल तुमाला,” माझी बायको सुनंदा ताट पुढं करायची.

“ती उपाशी हाय आन् मी भाकऱ्या चेपू व्हय?”

“अवो, ती मांजर हाय!”

“मंग? मांजराला भूक नसती?”

दोनच दिवसांनी आबा अंगणात घामाघूम होऊन खाली बसले. साखर उतरली होती. सुनंदानं धावत जाऊन तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. त्या दिवशी मला कळलं की त्या दोन दाढांना नुसतं मांजर लटकलेलं नाही, माझा बापही लटकलेला आहे.

डॉक्टरीणबाईंच्या सूचना सोप्या होत्या. आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, कारण भुलीत उलटी झाली तर जिवाशी गाठ. सकाळी इन्शुलिन निम्मं. बस्स. पण मी पडलो कारकून! मी परिपत्रक काढलं. ‘विषय : हौसा हिच्या शस्त्रक्रियेबाबत. १) रात्री नऊनंतर हौसा हिस खाण्यास काहीही देऊ नये. २) दूध हे “काहीही” या सदरात मोडते. ३) साय हीदेखील दूधच समजण्यात यावी.’ खाली ‘वाचून समजले’ म्हणून सह्या घेतल्या. आबांनी चष्मा लावून सावकाश सही केली. शेजारच्या पारूकाकू, ज्यांच्या घरी हौसाचा दुसरा संसार होता, त्यांचा अंगठा घेतला. हौसाला कोठीच्या खोलीत कोंडायचा माझा बेत होता, पण सुनंदा म्हणाली, “उपासाला बसवायचंय ना? मंग उंदरांच्यात कशाला?” म्हणून न्हाणीत कोंडली.

सकाळी टोपलीत हौसा, टोपलीवर फडकं, फडक्यावर आबांचा हात, असे आम्ही एसटीत बसलो. कंडक्टरनं टोपलीत डोकावून विचारलं, “पावणं, हिला कुठं सोडाया चाललाय?”

“सोडायला नाही. दाढ काढायला.”

कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. “माझी सहा महिने दुखतीय राव,” तो म्हणाला, “मला कोन न्हेत न्हाई.”

दवाखान्यात हौसाच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. “काय खाल्लंय हिनं?”

“काहीही नाही मॅडम! लेखी आदेश आहेत.”

एवढ्यात हौसानं त्या चकचकीत टेबलावर, आदेशाची प्रत जोडावी तशी, एक पांढरीशुभ्र उलटी केली.

मी आबांकडे बघितलं. आबा भिंतीवरचा कुत्र्याच्या जंतांचा तक्ता वाचत होते.

“आबा?”

“चमचाभरच व्हतं रे.”

“काय चमचाभर?”

“दही-साखर.”

मधुमेहाचं मांजर, त्यातून ऑपरेशनचं, त्यातून उपाशीपोटी, आणि त्याला दही-साखर! माझा तोल गेला. पुण्याच्या बायका मांडीवर कुत्री घेऊन बसल्या होत्या, त्या सगळ्यांच्या देखत मी माझ्या बापावर ओरडलो. “अक्कल आहे का? सही केली होती ना तुम्ही? वाचून समजलं होतं ना?”

आबा खालमानेनं ऐकत होते. मग हळूच म्हणाले, “तुझ्या आईनं ह्या घरातनं कुनाला तसंच धाडलंय का कधी? तू दहावीच्या पेपराला गेला, नोकरीच्या मुलाखतीला गेला, हातावर दही-साखर पडल्याबिगर उंबऱ्याभाईर पाऊल टाकलं व्हतं का? बैल शर्यतीला निघाला तर त्याच्याबी तोंडाला लावायची. ही तर आपरेशनला निघाली व्हती, लेका. एवढ्या मोठ्या कामाला. तशीच कशी धाडू?”

तरी मी म्हणालोच, “नियम म्हणजे नियम.” आज ते वाक्य आठवलं की वाटतं, आपल्याच कानाखाली एक वाजवावी.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावून हौसाला खाण्यापुरती तरतरी आणली, पातळ औषध दिलं आणि आठ दिवसांनंतरची वेळ दिली. परतीच्या एसटीत आबा खिडकीकडे, मी कडेला आणि मधे हौसा.

दुसऱ्या खेपेला आबा म्हणाले, “मी येत न्हाई. माझ्या हातनं पुन्यांदा काय तरी व्हईल.” सकाळी मी टोपली घेऊन निघालो तेव्हा ते दारात उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. सुनंदानं काही त्यांना पकडून ठेवलं नव्हतं, स्वतःच स्वतःला पकडून उभे होते बिचारे. हौसानं फडक्याखालून तोंड काढून त्यांच्याकडे बघितलं. आबांनी मान फिरवली आणि म्हणाले, “जा.”

मी एसटीच्या थांब्यापर्यंत गेलो खरा, पण पाय पुढं टाकवेना. आई गेल्यापासून मीही कितीतरी वेळा घरातून निघालो होतो, पण काहीतरी राहिलंय असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. एकाएकी आई आठवली, पदराला हात पुसत मागून धावत येणारी, “आरं थांब, तसाच चाललास व्हय!” असं ओरडणारी. मी टोपलीसकट मागे फिरलो.

आबा अजून दारातच होते. म्हणालो, “आबा, तिच्या वाटचं माझ्या हातावर द्या. तिच्या नावानं मी खातो.”

आबा आत गेले आणि लगेच वाटी घेऊन आले. लगेच! दही साखर घालून ढवळून तयार होतं. पहाटेच करून, वर बशी झाकून ठेवलं होतं त्यांनी. कुणालाही द्यायचं नाही हे ठाऊक असून.

त्यांनी माझ्या हातावर वाटीतलं सगळंच्या सगळं दही ओतलं. पुण्याला जायचं म्हणून मी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. निम्मं दही तोंडात गेलं, निम्मं मनगटावरून बाहीत शिरलं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. हात धुवायला वेळ कुठला! धोतराला पुसावा तर पँट घातलेली. तसाच पळालो.

एसटीत हौसा ओरडायला लागली. तिला धीर यावा म्हणून मी फडक्याखालून हात आत घातला. ती गप्प झाली आणि माझा हात चाटायला लागली. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! वाटलं, मुक्या जनावराला कळतं. ह्यानं मागे फिरून आपल्यासाठी दही खाल्लं, हे तिला कळलं. आई गेल्यापासून माझ्या हाताला असं मायेनं कुणी धरलं नव्हतं. खेड येईपर्यंत ती चाटत होती आणि मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होतो. डाव्या हातानं. उजवा तिच्याकडे होता, कोपरापर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी फडकं काढलं. “उपाशी आहे ना आज?”

“शंभर टक्के मॅडम. या वेळी वडिलांना घरीच ठेवलंय.”

त्यांनी हौसाच्या मिशांकडे बघितलं. मिशांना दही होतं. मग माझ्या बाहीकडे बघितलं. बाहीलाही होतं. काय झालं ते मला त्या क्षणी कळलं आणि मी भिंतीवरचा जंतांचा तक्ता वाचायला लागलो.

“मी धोका घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी मांजर आदल्या दिवशी इथं आणून ठेवा. आणि नातेवाईक कमी आणा.”

समोरच्या बूथवरून घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला आबांनी उचलला. फोनजवळच बसून होते.

“झालं का रं? शुद्धीवर आली का?”

“नाही झालं, आबा.”

“का? काय झालं तिला?” त्यांचा आवाज कापत होता.

लाईट गेली, डॉक्टर आल्या नाहीत, अशा थापा तोंडात आल्या होत्या. पण तो कापरा आवाज ऐकून खोटं बोलवेना. “तिनं दही खाल्लं,” मी म्हणालो. “माझ्या बाहीतलं.”

पलीकडून खरखर ऐकू आली. मला वाटलं लाईन गेली. पण आबा हसत होते. आई गेल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा! खोकत, धापा टाकत, फोन हातातून निसटेपर्यंत हसत होते. बराच वेळ हसून झाल्यावर त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, “ह्ये तुझ्या आईला सांगाया पायजे व्हतं रं.”

“हो,” मी म्हणालो. बूथवाल्यानं काचेवर टकटक केली तेव्हा मी रिसीव्हर ठेवला.

तिसऱ्या खेपेला आबा आणि सुनंदा गेले. हौसाला आदल्या दिवशी दवाखान्यात सोडलं आणि सुनंदाच्या भावाकडे मुक्काम केला. दोन्ही दाढा निघाल्या. चौथ्या दिवशी तिनं पाटावर बसून वाटीभर मासा चाटूनपुसून खाल्ला आणि समोर बसून आबांनी दीड भाकरी खाल्ली. पुढं तीन वर्षं ती जगली, आणि आबा तिच्यानंतर आणखी पाच.

त्या तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी म्हणे विचारलं होतं, “आज तुमचा मुलगा नाही आला?” त्यावर आबा म्हणाले, “न्हाई आनला. त्याला न्हाणीत कोंडून आलोय.” ही हकिकत आबा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि मी दर वेळी चिडून उठून जात असे. आता ती कुणी सांगत नाही. म्हणून मीच सांगतो, बाहीसकट सांगतो, पण पाहुणे चहा संपेपर्यंत नीट हसतही नाहीत, राव. आपली फजिती रंगवून सांगायला घरात बापच लागतो.