पॉइंट नसलेले सामने

नऊ गोल खाऊन परतणाऱ्या मुली बसमध्ये एक शब्द बोलत नव्हत्या. पुढच्या सीटवर बसलेली ॲडेलिन तुस्कानोही गप्प होती, पण तिचं गप्प बसणं वेगळं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो राग मुलींवर नव्हता. "हे नऊ झाले कसे" याचा विचार करायला या मुलींना कुणी कधी वेळच दिला नव्हता, त्यावर होता.

ॲडेलिन मूळची वसईची, वय सेहेचाळीस. शारजातल्या एका खाजगी कॉलेजात ती विद्यार्थ्यांच्या हजेरीचं काम पाहायची. मुलींच्या फुटबॉल टीमला मॅनेजर मिळेना म्हणून दोन वर्षांपूर्वी एका मीटिंगमध्ये विचारणा झाली. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत राहिले आणि हिने हात वर केला. लहानपणी चार भावांबरोबर ती गावच्या मैदानावर अनवाणी खेळायची. बारावं लागलं तसं आईने "आता पुरे" म्हणून दंड धरून घरी आणलं होतं. तेव्हा न दिलेलं उत्तर तिने जणू त्या मीटिंगमध्ये दिलं.

लीगमध्ये सहा कॉलेजं होती. हिवाळ्याच्या सुट्टीआधी पाच सामने झाले आणि पाचही हरले. खाल्लेले गोल एकतीस, केलेला एकही नाही. शेवटच्या सामन्यात गोलकीपर ईशानी पोस्टला टेकून रडत उभी होती आणि समोरून बॉल येतच होते.

दुसऱ्याच दिवशी खैरुद्दीन सरांनी ॲडेलिनला केबिनमध्ये बोलावलं. कॉलेजच्या खेळांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस हैदराबादचा, बोलायला अतिशय गोड. आधी चहा मागवला, मग म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानिए. पाँच मैच बचे हैं, वॉकओव्हर दे देते हैं. कॉलेज की इज्जत का सवाल है. अगले साल टीम बंद. खलास."

"और लड़कियाँ?"

"उनको योगा में डाल देंगे."

ॲडेलिनने कप खाली ठेवला. "सर, आप पहले मैथ्स पढ़ाते थे ना? साल भर सिर्फ एग्जाम लेते थे, या बीच में पढ़ाते भी थे?"

सर हसले. त्यांना वाटलं, विषय बदलला.

"हमारी लड़कियाँ हर बार सीधे एग्जाम में बैठती हैं," ती म्हणाली. "लीग को अभी पाँच हफ्ते की छुट्टी है. हम बाहर की टीमों से खेलेंगे."

"उसका पॉइंट मिलता है?"

"नहीं."

"फिर फायदा?"

"वही फायदा है, सर. पॉइंट नहीं, तो डर भी नहीं."

सरांनी मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही. कळलं ते चार दिवसांनी, ईमेलवरून: लीगबाहेरचे सामने कॉलेजच्या नावाने खेळता येणार नाहीत, बस मिळणार नाही, जर्सी मिळणार नाही.

संध्याकाळी अल मजाजमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये तिने तो ईमेल नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. रॉयडन एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघायचा. आयुष्यभर साहेबांच्या भुवया बघून वागायची त्याला सवय.

"ॲडा, तुझा व्हिसा कॉलेजचा आहे," तो म्हणाला. "उद्या त्यांनी कमी केलं तर?"

"तर दुसरी नोकरी शोधीन. यात काय लिहिलंय बघ ना. 'कॉलेजच्या नावाने' नको म्हणतायत. मग आम्ही बिननावाचे खेळू."

सोफिया, त्यांची पंधरा वर्षांची लेक, सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "मम्मा, यू आर सो गोइंग टू गेट फायर्ड."

"तुझ्या तोंडात साखर पडो," ॲडेलिन म्हणाली आणि फोन घेऊन बसली. एकेका मुलीच्या घरी फोन करून आईवडिलांची परवानगी काढली. चर्चच्या सणाला स्वयंसेवकांना वाटून उरलेले निळे टी-शर्ट फादरांकडून मागून आणले. शनिवारी सकाळी सहाला तीन गाड्या निघाल्या. तिसरी गाडी रॉयडनची होती आणि चालवत होता रॉयडनच. बायकोशी दोन दिवस अबोला धरूनही तो आला होता.

पहिला सामना रास अल खोरला, गोदामांच्या मागच्या मैदानावर. समोर एका हॉस्पिटलच्या नर्सेस. हसऱ्या, दणकट, काही जणी तर तिशीच्या पुढच्या. सुरू व्हायच्या आधी ॲडेलिनने ईशानीच्या हातातले ग्लोव्हज काढून घेतले.

"मॅडम, सॉरी. मी नीट खेळेन," ईशानीचा चेहरा पडला. पुण्याची मुलगी, टीममध्ये सगळ्यांत उंच, म्हणून पहिल्या दिवशीच कुणीतरी तिला गोलमध्ये उभं केलं होतं.

"तुला शिक्षा नाही करत आहे, वेडे. तू उंच आहेस, पण बॉल अंगावर आला की डोळे मिटतेस. आणि बॉल पायात असला की मात्र कुणाच्या बापाला ऐकत नाहीस. तू आज मध्ये, बचावात. गोलमध्ये झारा."

झारा टीममधली सगळ्यांत बुटकी. "मी?" तिने दोन्ही हात छातीवर ठेवले.

"तू कॅन्टीनमध्ये फेकलेलं संत्रं न बघता झेलतेस, ते मी बघितलंय. लीगमध्ये हे करायची माझी हिंमत झाली नसती. आज चुकलो तर कुणाचं काय जातंय? यल्ला, चला!"

त्या चार-एकने हरल्या. पण तो एक गोल नबिलाचा होता. पाच सामने ती पुढे उभी राहून मागून बॉल कधी येतोय याची वाट बघत होती. या वेळी ईशानीने लांब मारलेला बॉल तिच्या पुढ्यात पडला आणि तिने डोळे झाकून लाथ घातली. गोल झाल्यावर दोन सेकंद कुणालाच काय करायचं ते सुचेना. त्यांना सवयच नव्हती. मग बाकीच्या दहाच्या दहा जणी तिच्या अंगावर पडल्या, आणि समोरच्या नर्सेसनीही टाळ्या वाजवल्या.

दुसरा सामना मोहम्मद बिन झायद सिटीत, शाळेतल्या शिक्षिकांच्या टीमशी. तो त्यांनी दोन-एकने जिंकला. परतीच्या वाटेवर गाड्यांमध्ये इतका गोंगाट झाला, की रॉयडनने रेडिओ बंद केला आणि अबोलाही. तिसरा सामना ॲडेलिनने मुद्दाम एका क्लबच्या तगड्या टीमशी ठरवला.

"आत्ता कुठे जिंकलोय, मॅडम! कशाला त्यांच्याशी?" नबिला कुरकुरली.

"नऊ गोल खातानाची भीती आहे ना, ती अजून पोटात आहे. ती इथे काढून टाकायची."

मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. नंतर तीन गोल बसले. सामना संपल्यावर ॲडेलिनने मुलींना घरी सोडलं नाही. समोरच्या कॅप्टनला विनंती केली, तिसरा गोल कसा केलास ते या पोरींना दाखव. ती मुलगी अर्धा तास थांबली आणि तिने एकेकीला चालवून दाखवलं. ईशानी पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. पाठीमागून धावणारी मला दिसणार कशी? दिसत नाही, त्या मुलीने सांगितलं. झाराने ओरडून सांगायचं. झारा त्या दिवसापासून जी ओरडायला लागली ती थांबली नाही.

लीग पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी खैरुद्दीन सरांनी वॉकओव्हरचं पत्र तयार ठेवलं होतं. नियमाप्रमाणे त्यावर टीम मॅनेजरची सही लागायची. समोर तीच नऊ गोल मारणारी टीम होती.

"साइन कर दीजिए, मॅडम."

"नहीं करूँगी."

"मैं रिक्वेस्ट कर रहा हूँ."

"मैं भी, सर. हारेंगे तो मैदान में हारेंगे. कागज पर नहीं."

हरल्याच त्या. पण दोन-शून्यने, आणि दुसरा गोल शेवटच्या मिनिटाचा. "आखिर हारे ही ना," सर म्हणाले. पुढचे दोन सामनेही एकेका गोलने गेले. त्यापुढच्यात मात्र नबिलाने बरोबरी साधली, आणि शेवटच्या दहा मिनिटांत झाराने दोन बॉल असे अडवले की समोरचा कोच कपाळाला हात लावून बसला. एक-एक. तीन वर्षांतला कॉलेजचा पहिला पॉइंट. शेवटचा सामना त्यांनी चक्क जिंकला. तरीही टीम तळालाच राहिली. पण तळाला असणं आणि बुडणं यात फरक असतो, हे आता कॉलेजातल्या शिपायांनाही कळलं होतं. टीम बंद करायचा विषय मे महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणी काढलाच नाही.

ॲडेलिनचा विषय मात्र निघाला. परवानगीशिवाय सामने, सहीला नकार. तिला ताकीदपत्र मिळालं आणि मॅनेजरचं काम काढून जिमच्या नव्या ट्रेनरला दिलं. पोच म्हणून तिने सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "मिळाले. मान्य नाही."

मुली तिच्या टेबलाभोवती जमल्या. ईशानीच्या डोळ्यांत पाणी. "आम्ही पण खेळत नाही मग."

"खबरदार," ॲडेलिन म्हणाली. "एवढ्यासाठी मी व्हिसा पणाला लावला का? जा, प्रॅक्टिसला जा."

त्या गेल्या. ती मात्र घरी बसली नाही. ऑफिसातल्या तिघी, चर्चमधल्या दोघी, बिल्डिंगमधल्या चौघी आणि शेवटी "फक्त एकदाच हं" म्हणत आलेली सोफिया, अशी मोट बांधून तिने शनिवारची टीम काढली. निळे टी-शर्ट होतेच. कॅप्टन ती स्वतः. पहिल्या आठवड्यात गुडघा सुजला, दुसऱ्या आठवड्यात रॉयडन बर्फ घेऊन मैदानाच्या कडेला हजर.

ऑक्टोबरात खैरुद्दीन सरांचा फोन आला. आवाज तितकाच गोड.

"मॅडम, लीग से पहले हमारी टीम को बाहर के दो-तीन मैच चाहिए. नया ट्रेनर बोल रहा है, बहुत जरूरी है."

"अच्छा?" ॲडेलिन म्हणाली. "उसका पॉइंट मिलता है, सर?"

पलीकडे सर खळखळून हसले. "नहीं मिलता, मॅडम. शनिवार को आएँगी?"

शनिवारी सकाळी कॉलेजची जर्सी घातलेली ईशानी मध्यावर टॉससाठी उभी होती आणि समोर निळ्या टी-शर्टात तिची जुनी मॅनेजर.

"मॅडम, आम्ही सावकाश खेळू हं," ईशानी हसत म्हणाली.

"खेळून तर बघ," ॲडेलिन म्हणाली, आणि तिने बुटाची नाडी आवळून बांधली.