एकशे अठ्ठ्याहत्तर व्होल्ट

दादाचा अँप्लिफायर मी भंगारात दिला, हे आधीच सांगून टाकतो. घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचा होता, त्यासाठी माळा रिकामा करायचा होता, आणि माळ्यावर तो साडेअकरा किलोचा लाकडी खोका वाळवीच्या भुकटीत बसला होता. मी तो न बघता दिला नाही. खाली आणला, मागचा पत्रा उघडला, मीटर लावून एकेक भाग तपासला. सत्तावीस रेझिस्टन्सपैकी एकोणीस आपल्या छापील आकड्यापासून वीस टक्क्यांहून जास्त सरकले होते. कागदी कंडेन्सर गळत होते. सर्किट वहीत उतरवून घेतलं, कारण मला तशी सवय आहे, आणि खाली शेरा लिहिला: दुरुस्तीस अयोग्य. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात मी अठ्ठावीस वर्षं मीटर तपासून प्रमाणपत्रं देतोय. वीस टक्के चुकणाऱ्या वस्तूला आमच्याकडे दुसरा शेरा नसतो.

दादा तेव्हा दोन दिवस अर्नाळ्याला, वहिनीच्या माहेरी गेला होता. परत आल्यावर त्याने आधी माळ्याच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो, इथे साधं लिहितो.

"बंद पडला होता?"

"बंद नव्हता. पण आकडे गेले होते सगळे."

"आकडे," तो म्हणाला, आणि चहा प्यायला बसला.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पापडी गावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. लग्नाच्या बँडमध्ये त्याने तीस वर्षं गिटार वाजवली. हा अँप त्याच्या तरुणपणी गावातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने हाताने जोडून दिला होता, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार वॉल्व्ह, दोन मोठे, दोन छोटे. पुढे मांडवात डीजे आले, बँड मोडला, तरी दर रविवारी चर्चमधली संध्याकाळची मिस्सा आटोपून आला की दादा आमच्या माळ्यावर चढून तासभर वाजवायचा. अँप गेल्यावर त्याने गिटार पेटीत घातली आणि पेटी खाटेखाली सरकवली. भांडला नाही. त्यालाही आता तीन वर्षं झाली.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या हाताची बोटं आखडू लागली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो खिडकीत पडून राहिला. वहिनी एके सकाळी आमच्या मागच्या दाराशी आल्या.

"बोटं रोज हलली नाहीत तर मिटून जातील म्हणालेत. हे चेंडूला हात लावत नाहीत. मी काय लहान पोर आहे काय, म्हणतात."

"मग गिटार?"

"ती दुकानातल्या नव्या अँपच्या डब्यावर वाजवणार नाही म्हणतात. पत्र्याच्या टाकीत दगड टाकल्यासारखा आवाज येतो, म्हणे."

माळा होता तिकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि त्या परत गेल्या. मला जे कळायचं ते कळलं.

सर्किट वहीत होतं, म्हणजे अँप पुन्हा बनवता येत होता. मी ठरवलं की या वेळी एकही भाग चुकीचा असणार नाही. आधी महिनाभर घरातल्या प्लगचा व्होल्टेज रोज तीनदा लिहिला. सरासरी दोनशे छत्तीस आली. त्या आकड्यावर ट्रान्सफॉर्मरचा हिशेब केला आणि नायगावच्या एका वाइंडिंगवाल्याकडे दिला. तो टॉवरच्या पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरतो. मी लिहून दिलेले वेढे त्याने दोनदा वाचले.

"सर, पंपाचं असतं तर अर्ध्या दिवसात दिलं असतं. हे तर लोकरीचं विणकाम आहे."

"वेढे मोजून घाला. अंदाजाने नको."

"मोजूनच घालतो. मधे फोन आला तर पहिल्यापासून मोजतो. तुमच्यामुळे बायकोचा फोन उचलत नाही."

रेझिस्टन्स मी शंभराच्या पाकिटातून मोजून निवडले. एक टक्क्याच्या आत बसले तेवढे ठेवले, बाकीचे डबीत टाकले. वॉल्व्ह आठ आणले आणि त्यांतली जुळणारी जोडी काढली. कंडेन्सर तीन प्रकारचे घेतले: प्लास्टिक फिल्मचे, तेलातले आणि जुन्या रेडिओतले कागदी. कागदी पहिल्याच आठवड्यात बाद झाले. आमच्या खाऱ्या हवेत कागद टिकत नाही. त्या मानाने जोडणी सोपी गेली, पण शरीर थकायचं. गाळ्यातून स्कूटरवर उड्डाणपूल ओलांडून घरी यायला पस्तीस मिनिटं, टँकरवाल्याशी बोलणं, पाण्याची टाकी, मग चष्मा बदलून सोल्डर. बायको म्हणायची, "दिवसभर मीटर, संध्याकाळीही मीटर. जेवायला बसताना तरी ती वायर गळ्यातून काढा."

पहिल्यांदा चालू केला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मोठ्या वॉल्व्हना तीनशे दहा व्होल्ट, तेही आखल्याप्रमाणे. गुणगुण जवळजवळ नाही. मी दादाला बोलावलं. त्याने पेटी आणली, तारा नव्या लावल्या, तीन सूर वाजवले आणि तारांवर हात ठेवला.

"स्वच्छ आहे."

"मग?"

"फार स्वच्छ आहे. मिस्सेत फादर सूचना वाचतात ना, तसा. मीटिंग किती वाजता, वर्गणी कोणाची राहिली."

गिटार परत पेटीत गेली.

मी कंडेन्सर बदलले. तेलातले लावले. पुन्हा बोलावलं. "बरा आहे," म्हणाला. बरा आहे म्हणजे नाही. मग जुन्या वहीत पाहून रेझिस्टन्स मुद्दाम चुकीचे लावले. जो जेवढा सरकला होता, तेवढाच सरकवलेला. एक टक्का शोधून झाल्यावर आता मी बरोबर बावीस टक्के चुकलेला रेझिस्टन्स शोधत होतो. त्याने फरक पडला, पण थोडा. वहीत मी प्रत्येक प्रयत्नाला क्रमांक देतो. सातव्या प्रयत्नाला दादा बोलावूनही आला नाही. आठव्याला आला, पण गिटार न घेता.

"तूच वाजव. मी ऐकतो."

"मला कुठे वाजवता येतं?"

"मग कशाला जीव काढतोस? झालं ते झालं. मी काही बोललो का तुला?"

बोलला नव्हता. तेच तर होतं. चहाचा कप धरताना त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट सरळ होत नव्हतं. कप तो उजव्या हातात घ्यायला लागला होता. मी कपाकडे पाहतोय हे त्याने पाहिलं आणि कप खाली ठेवला.

नवव्या प्रयत्नात मी स्पीकरकडचा, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलायचं ठरवलं. वाइंडिंगवाल्याकडे पुन्हा जायची माझी हिंमत नव्हती, पण गेलो. परत आलो तेव्हा दादा आमच्या ओट्यावर बायकोशी गप्पा मारत बसला होता. तिने त्याला जुन्या लग्नांबद्दल काही विचारलं असावं. तो सांगत होता.

"दुपारी कधी नीट वाजायचा नाही गं तो. दुपारी कडक. मांडव घालायला पोरं यायची तेव्हा मी नुसता तारा जुळवायला लावायचो. खरा वाजायचा संध्याकाळी. मांडवातल्या सगळ्या माळा लागल्या, शेजाऱ्यांचे दिवे लागले, म्हणजे मग. लोण्यासारखा."

"संध्याकाळी माणसाचा हातही मोकळा होतो," बायको म्हणाली.

"हाताचं नाही. अँपचंच."

मी हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्या वर्षांत आमच्याकडे संध्याकाळी ट्यूबलाइट लागत नसे. फ्रिज दोनदा जळला होता. मी नुकताच कामाला लागलो होतो, पहिला मीटर घेतला होता, आणि वीज कार्यालयात तक्रार करायची म्हणून रोज तीन वेळा व्होल्टेज लिहून ठेवायचो. ती वही मी टाकलेली नव्हती. मी कुठलीच वही टाकत नाही. ट्रंकेच्या तळाशी मिळाली. सकाळी दोनशे पाच, दुपारी दोनशे वीस. संध्याकाळी साडेसातला एकशे अठ्ठ्याहत्तर. लग्नसराईच्या पानांवर तर एकशे चौऱ्याहत्तरसुद्धा.

तक्रार मी कधी केली नाही. अँप भंगारात गेला त्याच वर्षी गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसला, टॉवर आले, मोठ्या केबली आल्या, आणि व्होल्टेज दोनशे छत्तीसवर जाऊन स्थिर झाला. मी तोच महिनाभर मोजला आणि त्याच्यावर सगळा हिशेब बसवला. सगळे भाग तपासले, त्यांना वीज कुठली मिळायची हे तपासलं नाही. ज्या विजेला आम्ही पंचवीस वर्षं शिव्या दिल्या, तीच दादाच्या आवाजात होती. नवव्या प्रयत्नावर येऊन हे कळलं, तेव्हा आनंद वगैरे झाला नाही. मी पायरीवर बसलो आणि बूट काढायला मला बराच वेळ लागला.

गाळ्यात एक जुना डिमरस्टॅट पडून होता. मोठं गोल चाक असतं त्याला, फिरवलं की व्होल्टेज हवा तेवढा कमी-जास्त होतो. साहेबांना विचारून स्कूटरच्या पायाशी ठेवून आणला. अँपला आधी घेतलेले एक टक्क्यावाले रेझिस्टन्स पुन्हा लावले, म्हणजे बदल कशाने होतोय हे नक्की कळेल. दुसऱ्या दिवशी साडेसातला दादाला म्हटलं, शेवटचं. गिटार घेऊन ये.

"शेवटचं म्हणजे खरंच शेवटचं ना?"

"खरंच."

दोनशे छत्तीसवर त्याने एक तार छेडली आणि माझ्याकडे पाहिलं, 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशा चेहऱ्याने. मी चाक फिरवायला लागलो. दोनशे वीस. दोनशे पाच. एकशे नव्वदला त्याचं तोंड थोडं उघडलं. वॉल्व्हचा उजेड पिवळ्यावरून लालसर झाला. एकशे अठ्ठ्याहत्तरला मी थांबलो. मोठ्या वॉल्व्हवर दोनशे चौतीस व्होल्ट होते.

नवरानवरी मांडवात येताना बँड वाजवतो ती चाल दादाने सुरू केली. चौथ्या जागी करंगळी पोहोचली नाही, सूर कच्चा लागला. तो परत मागे गेला, परत चुकला, शिवी दिली, परत मागे गेला. मागच्या दारात वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. अकरा मिनिटांनी त्याने बोटं ताणली आणि म्हणाला, "दुखतंय. उद्या."

उद्या तो आला. चौदा मिनिटं. परवा आला नाही, तेरवा आला.

आता हिशेबाने बोलायचं तर हे बरोबर नाही. व्होल्टेज खाली आणला की वॉल्व्ह तापवणारी तारही उपाशी राहते. सहा पूर्णांक तीन व्होल्टच्या जागी तिला पावणेपाच मिळतात, आणि तेवढ्यावर वॉल्व्ह फार दिवस राहत नाहीत. उपाय मला माहीत आहे. बाराशे ओहमचा, वीस वॉटचा, पांढऱ्या चिनी मातीचा रेझिस्टन्स आत टाकायचा. मोठ्या वॉल्व्हचा व्होल्टेज उतरतो, तार मात्र पोटभर खाते. मग डिमरस्टॅट लागत नाही. अँप उचलून दादाच्या घरी नेता येईल आणि त्याला हवं तेव्हा तो स्वतः बटण दाबेल. तासाभराचं काम आहे. रेझिस्टन्स आणून टेबलावर ठेवला आहे.

डिमरस्टॅटला दादा हात लावत नाही, घाबरतो. त्यामुळे मला साडेसातच्या आत पूल ओलांडून घरी पोहोचावं लागतं. रोज दमतो. परवा पुलावर ट्रक बंद पडला, तरी आतल्या गल्ल्यांतून आलो. दादा आधीच येऊन खुर्चीत बसला होता, गिटार मांडीवर, चहाचा कप डाव्या हातात.

"सहा मिनिटं उशीर," तो म्हणाला. मग टेबलाकडे बोट दाखवून, "हा पांढरा दगड कसला? आठवडाभर बघतोय."

"रेझिस्टन्स आहे."

"याच्यात घालायचा?"

"राहू दे," मी म्हटलं. "अजून तपासायचाय."