अक्काची किल्ली आणि न पेटणारा दिवा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, अक्कावर. श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन सोमवारी झालं आणि अन्याय झाला मंगळवारी सकाळी, पहिल्या एसटीच्या वेळेला, आमच्या गावच्या थांब्यावर, चहाच्या टपरीसमोर. वेळ मुद्दाम सांगतेय. वेळ सांगितली नाही की लोक म्हणतात, असं काही झालंच नव्हतं.

आमचं गाव साक्री तालुक्यात. घरची एक पिकअप आहे, मोठ्या काकांच्या म्हणजे नानांच्या नावावर. चालवते अक्का. गावची मिरची, भेंडी, कोथिंबीर भरायची, धुळ्याच्या मार्केटला उतरवायची, येताना ढेपेची पोती आणायची. लायसन्स पक्कं, हात त्याहून पक्का. नानांच्या मुलाला, आमच्या दादाला, गाडी चालवायची फार हौस आहे. पहाटे उठायची नाही.

त्या मंगळवारी अक्का थांब्यावर कोणाची तरी कोथिंबीर घ्यायला थांबली. गाडी बंद केली. परत किल्ली फिरवली तर गाडी 'कट्' म्हणाली आणि गप्प. बॅटरी झोपलेली. नाना टपरीवर बशीत चहा ओतत होते. बशी खाली ठेवून उठले आणि बठ्ठ्या गावाच्या देखत म्हणाले, "बाईना हातमा गाडी दिधी का आसंच व्हस! गाणा लाईसन बसस, बॅटरी उतरस!"

टपरी हसली. पिकअपचा गाणी लावायचा टेप आखाजीच्या सणापासून बंद आहे हे टपरीला माहीत होतं, तरी हसली. नानांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि कमरेच्या करदोड्याला अडकवली. "आते दादा चालवी," म्हणाले. संपलं. सुनावणी नाही, साक्ष नाही, थेट निकाल.

अक्कासाठी ती किल्ली म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगते. किल्ली गेली की तिच्या वाट्याला शेतातलं निंदणं आणि चुलीपुढची पाळी, आणि धुळ्याचा रस्ता फक्त लग्नाकार्याला, मागच्या सीटवरून. ती रडली नाही. नुसती मला म्हणाली, "मना काय चुकनं, तेवढं सांग." मी काय सांगणार? मी तापले. मी आधीच तापलेली होते, कारण रविवारी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ पडली होती आणि आम्हा दोघींच्या नावाने काहीच नाही. मी तेव्हा बोलले, तर मला परातीसमोरून उठवलं.

दादाने गाडी ढकलून चालू केली आणि धुळ्याला नेली. तिथल्या बॅटरीवाल्याने बॅटरी तपासली, चार्ज केली आणि सांगितलं, बॅटरीला काही झालेलं नाही. यावरून नानांनी काय अनुमान काढावं? "दखा! बॅटरी चांगली शे. म्हन्जे चालवनारीच वाईट." असा तर्क मी सभांमध्येही ऐकलेला नाही, आणि मी पुष्कळ सभा ऐकल्या आहेत.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहिते, वाटते, आणि आमच्या संघटनेच्या रिक्षांवर भोंगे बांधते. प्रचाराचा भोंगा बांधणाऱ्याला दोन गोष्टी यायलाच लागतात, घोषणा आणि वायर. भर चौकात घोषणा अर्ध्यावर असताना भोंगा मेला की वायर शिकावीच लागते. म्हणून गुरुवारी दुपारी मी नानांपुढे जाऊन उभी राहिले. "नाना, गाडीची चौकशी करायची आहे. किल्ली द्या."

"कोन करी चौकशी?"

"आम्ही दोघी."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कर, कर. लाइटनी डॉक्टरीण! पन गाडी खळामाच ऱ्हावाले पाहिजे." किल्ली माझ्या हातात दिली. अक्का शेजारीच उभी होती, तिच्या हातात दिली नाही.

खळ्यात निंबाखाली गाडी लावलेली. मी जुन्या इंडिकेटरचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला, दुसरं जिथे करंट शोधायचा तिथे. करंट असला तर बल्ब पेटतो. याहून सरळ साक्षीदार मी पाहिलेला नाही. अक्काने बॉनेट वर केलं आणि पदर खोचला.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरतो तो अल्टरनेटर. त्याच्याकडून बॅटरीकडे जाणारी जाड वायर पहिली. बल्ब पेटला. "ही जिती शे," अक्का म्हणाली. मग अल्टरनेटरला येणारी बारकी वायर. ही त्याला सांगते की बाबा, ऊठ, किल्ली फिरली, कामाला लाग. मी टोक लावलं. अक्काने आत जाऊन किल्ली फिरवली.

अंधार.

"फिरवलीस का?"

"फिरवी ना!"

"परत फिरव."

"किती सावा फिरवू? किल्ली शे का जातं?"

मला हसू फुटलं. पण बल्ब काही पेटेना. म्हणजे अल्टरनेटरला उठवायलाच कोणी जात नव्हतं. तो बिचारा नुसता पट्ट्याबरोबर गोल फिरत होता. गाडी चालायची ती बॅटरीतलं साठलेलं खाऊन, आणि साठा संपला की कट्.

तेवढ्यात आतून अक्काची हाक आली, खालच्या आवाजात. "इकडे ये. मीटर दख." पाहिलं. किल्ली चालू, इंजिन बंद. तेलाचा दिवा पेटलेला. त्याच्या शेजारचा बॅटरीचा लाल दिवा विझलेला. इंजिन बंद असताना तो पेटायलाच हवा. आणि सोमवारपासून सगळे खूश होते की लाल दिवा येत नाही, म्हणजे चार्जिंग झकास! त्याच दिव्यातून पुढे बारकी वायर अल्टरनेटरकडे जाते. दिवा मेला की निरोप मेला.

खात्री करायला मी माझाच बल्ब मधे घातला. एक टोक बॅटरीच्या लाल बाजूला, दुसरं त्या बारक्या वायरीच्या जागी. बल्ब पेटला. "चालू कर!" अक्काने चालू केली, जरा रेस दिली, आणि बल्ब विझला. विझायलाच हवा होता! अल्टरनेटर उठला की दिवा विझतो.

"विझना! विझना!" अक्का खिडकीतून अर्धी बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा दिवा विझल्यावर कोणी इतकं नाचलं असेल. मी ग्रीसच्या हातांनी तिला मिठी मारली, तिने माझ्या नव्या कुडत्याकडे पाहिलं आणि दोघी पुन्हा हसायला लागलो. हेडलाइट लावले तर भरदुपारी भक्क. खळ्यातली म्हैस मान वळवून बघत राहिली.

आता उरला प्रश्न: मीटरमागे कोणी काय केलं? स्क्रू काढले. मीटर पुढे ओढला. मी मोबाइलचा टॉर्च धरला आणि अक्काने डोकं आत घातलं. आधी तिचे खांदे हलायला लागले. मग आवाज आला. मला वाटलं करंट लागला. ती हसत होती. बोलता येईना, नुसतं बोट.

लाल दिव्याला येणारी वायर कापून भलत्याच वायरीला पिळलेली होती. त्या पिळावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर लाल नाडा, आणि नाड्यावर हळदकुंकू. ताजं. साग्रसंगीत.

आता आमच्या घरात हळदकुंकू लावून वायर जोडणारा माणूस एकच. नाना मोटारीचा स्टार्टर बदलला तरी त्याला कुंकू लावतात, फवारणी पंपाला नवा वॉशर टाकला तरी लावतात. वायरीचा माग काढत गेलो तर ती निघाली समोरच्या काचेवर. कानबाईच्या मिरवणुकीसाठी काचेभोवती लावलेली रंगीत दिव्यांची माळ! नानांनी माळेला हाताशी आली ती वायर दिली होती. देवी झगमगत नदीवर गेली आणि अल्टरनेटर उपाशी राहिला.

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. मग राग आला. मग रागातच पुन्हा हसू आलं, कारण अक्का त्या पिळाला हात जोडून म्हणाली, "माय, तू तं साक्षीले उभी ऱ्हायनी!"

आम्ही वायर नीट जोडली, लाल दिवा पेटवून विझवून पाहिला, आणि ओट्यावर जाऊन नानांसमोर तो नाडा ठेवला. नानांनी तो उचलून उलटासुलटा करून पाहिला. "देवीनं काम व्हतं," म्हणाले.

"देवीले लाइट दिधा, चांगलं करं," अक्का म्हणाली. "मंग मना नाव काबर घेतलं?"

मी किल्ली आधीच त्यांना परत केली होती. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि बोटाने अक्काकडे सरकवली. "लई जा."

मी झडप घालणार होते. अक्काने माझा हात धरला. "नाना, थांबावर लिधी, थांबावर द्या."

नाना रागावले. काकू आतून "जाऊ दे ना पोरी" म्हणाली. अक्का उभी. रात्रभर किल्ली ओट्यावरच. शुक्रवारी सकाळी भाजीची पोती दारात आणि दादा झोपलेला. शेवटी नानांनी टोपी घातली, किल्ली उचलली आणि थांब्याकडे निघाले. आम्ही मागे. टपरीवर मी चहा घेतला.

टपरीवरच्या कोणीतरी विचारलंच, "काय नाना, ड्रायव्हर बदलना का?"

नाना थबकले. "नही," नाना म्हणाले, "वायर बदलनी. ती मीच चुकाडेल व्हती." आणि एसटीच्या लोकांसकट सगळ्यांच्या देखत किल्ली अक्काच्या हातात दिली. टपरी पुन्हा हसली, पण या वेळी अक्कासुद्धा हसत होती, आणि मी तर चहा नाकातून काढला.

म्हणून तुम्हाला सांगतेय, विनंती नाही. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणा बाईच्या हातातली किल्ली चारचौघांत हिसकावली असेल, तर आधी मीटर उघडायला लावा. आणि दोष तिचा नाही असं निघालं, तर ओट्यावर, स्वयंपाकघरात, हळू आवाजात झालेली परतफेड घेऊ नका. ज्यांच्यासमोर घेतली त्यांना गोळा करा, आणि त्यांच्यासमोरच किल्ली तिला परत द्यायला लावा.