चालू भट्टीचे व्होल्ट

धाकटीसारखी कॉइल गुंडाळणारी दुसरी कुणी दाखवा, मग बोला. इस्त्री आणा, गीझर आणा, हॉटेलातली भलीमोठी शेगडी आणा. गिऱ्हाईक नुसता बल्ब घ्यायला आलं असलं, तरी तिचा थोरला भाऊ त्याला हे ऐकवल्याशिवाय सोडायचा नाही. त्याची स्वतःची शाळा अर्ध्यात सुटली होती. पण बहिणीला त्याने वायरमनच्या कोर्सला घातलं, आणि ती पास झाल्याचं तिच्याआधी सगळ्या गल्लीला कळलं होतं.

या कौतुकाने धाकटीला मात्र भलतीच खोड लागली. कुठे काही बिघडलं की ती आधी स्वतःलाच धरायची. भाऊ जितकी छाती फुगवायचा, तितकी ही आपलं काम उलटंपालटं करून तपासायची.

मातीची भांडी करणाऱ्या मावशींकडे तेच झालं. त्यांची विजेची भट्टी आधी घरातच होती. खोलीत बसवेना इतकं उकडायला लागलं, म्हणून मावशींनी ती अंगणापलीकडच्या शेडमध्ये हलवली, आणि त्याच झटक्यात जळकी कॉइल धाकटीकडून नवी करून घेतली. तेव्हापासून भट्टी काही नीट तापेना. वाडग्यांवरची झिलई वितळून चकाकायची, ती खडूसारखी पांढरीफटक राहायला लागली. दोन खेपा मातीमोल झाल्या.

"बास झालं गं आता," मावशी म्हणाल्या. "ही शेवटची खेप. ही फसली की भट्टी विकायची आणि चाक बंद. परवा एक जण बघायला येतोय."

"विकता कशाला मावशी? आमची धाकटी मेली का?" भाऊ उसळला.

"तिच्याच कॉइलनंतर बिघडली रे बाबा."

धाकटी भट्टीपाशी उकिडवी बसली. मावशींच्या हातातलं काम आपल्यापायी जाणार! तिने भट्टीवरची पट्टी पुन्हा वाचली. २३० व्होल्ट, १५ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. आले १५.३. दोन्ही गुणले की वॅट, म्हणजे ताकद. आले ३४५०. भट्टी बंद करून तिने कॉइल मोजली, तर ओहम बरोबर. सॉकेटला मीटर लावला, तर २३०, तेही बरोबर. सगळं बरोबर आणि भट्टी मरगळलेली!

"माझंच चुकलंय," म्हणत तिने पक्कड उचलली. "कॉइल जरा कापते. ओहम कमी झाले की करंट जास्त ओढेल, जास्त तापेल."

"हात तर लाव त्या कॉइलला!"

"दादा, तू मध्ये बोलू नकोस हं."

"बोलणारच! बंद भट्टीला कसले मीटर लावतेस? झोपलेल्या हमालाला विचारतेस होय, पोतं जड आहे का म्हणून? चालू कर आणि मोज. तुझी कॉइल खोटी निघाली तर मिशी काढून ठेवीन."

"तुला मिशी आहे कुठे?" मावशी म्हणाल्या.

"वाढवीन आणि काढीन!"

धाकटी हसली, पण पक्कड तिने खाली ठेवली. खरंच की. कॉइलचीच खोट काढायच्या नादात चालू भट्टी तिने मोजलीच नव्हती. तिने हातमोजे चढवले, भट्टी चालू केली, एका तारेभोवती चिमट्याचा मीटर अडकवला. १३ अँपिअर. भट्टीच्या तोंडाशी व्होल्ट बघितले, तर फक्त २००.

तिने भागाकार केला. पंधराच्या थोडं वर. म्हणजे कॉइल धुतल्या तांदळासारखी. मग गुणाकार केला. २६००. साडेआठशे वॅट गायब!

ती धावत घरातल्या बोर्डापाशी गेली. भट्टी चालूच होती आणि इथे पुरे २३०. म्हणजे तीस व्होल्ट अधल्यामधल्या वाटेतच सांडत होते. कुंपणाच्या भिंतीवरून शेडकडे गेलेल्या वायरीवर तिने तळवा ठेवला. तापाने फणफणलेल्या पोराचं कपाळ लागावं तसं लागलं.

"मावशी, ही वायर कधीची?"

"ती होय? शेडमध्ये दिवा होता ना, त्याची."

"दिव्याच्या बारीक वायरीवर भट्टी चालवताय! तीस गुणिले तेरा, जवळजवळ चारशे वॅट तुमची भिंत शेकण्यात चाललेत. बाकीचे, व्होल्ट पडल्यामुळे भट्टी ओढतच नाही." मग तिचा आवाज खाली आला. "मी कॉइल कापली असती तर ही आणखी तापली असती. पेटलीसुद्धा असती."

भट्टी लगेच बंद झाली. भाऊ जाडजूड केबल खांद्यावर टाकून शिडीवर चढला, आणि वर चढल्यावर शेजारपाजारच्यांना सगळी हकिगत मीठमसाला लावून सांगितल्याखेरीज उतरला नाही. दुपारी चालू भट्टी पुन्हा मोजली. २२८ व्होल्ट, १५ला जरासा कमी करंट. मावशींनी वाडगी रचली.

भट्टी पुरती निवली ती तिसऱ्या दिवशी. दार उघडायला मावशींचा हात होईना, म्हणून धाकटीने उघडलं. मावशींनी एक निळं वाडगं उचललं, उजेडात फिरवलं, नखाने टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

तेवढ्यात फाटकात भट्टीचं ते गिऱ्हाईक उभं राहिलं. "विकायची ती भट्टी हीच का हो?"

"भट्टी हीच," वाडग्यावरची नजर न काढता मावशी म्हणाल्या, "पण विकायची नाही. वाडगी हवी असतील तर बसा. आणि तू रे दादा, आता उगाच तोंड उघडू नकोस, ते मातीचं पोतं चाकापाशी आणून टाक."