मोजणीत गेलेली वाट

सापगावापलीकडच्या पाड्यावर प्रेमासारखी तोंडाळ बाई दुसरी नाही, आणि तिच्याइतकी कष्टाळूही नाही. भातशेती नवऱ्याची, नामाची. भाजीचा मळा मात्र तिचा एकटीचा. शिराळी, काकडी, गवार, जे निघेल ते पाटीत भरून ती उजाडायच्या आत डांबरी सडकेवर हजर. भाजीचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही. एकदा तो कल्याणकडे सुटला, की पाटीतली भाजी गुरांपुढे टाकायची.

प्रेमाचं घर आणि सडक यांच्यामधे शेजारच्या म्हाताऱ्या धोंडूबाईचं खळं. वाट त्या खळ्यावरूनच. प्रेमा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं सांगितलं होतं, वाट अर्धी आपली, अर्धी त्यांची. तिनं ते मनात पक्कं करून ठेवलं.

आता तिकडची रीत अशी, की खळं शेणानं सारवून त्यावर नव्या भाताची रास पडली, की तिथून जाताना चपला हातात घ्यायच्या. शेंबड्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. त्या सकाळी सडकेवर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि आमच्या प्रेमाबाई चपलांसकट खळ्यावरून तरातरा निघाल्या. धोंडूबाई सूप घेऊन तिथंच बसलेली.

"प्रेमा, रास हाय गो."

एवढंच म्हणाली बिचारी. 'चुकले मावशी' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण या बाईच्या जिभेला हाड असेल तर ना!

"अर्धी वाट आमची हाय. आमच्या अर्ध्यावरनं आमी कसंबी जाऊ," म्हणाली आणि गेली निघून.

दुपारी परत येते तर वाटेवर बोरीच्या काट्या आडव्या घातलेल्या. धोंडूबाई ओटीवर बसून होती, बघूनही न बघितल्यासारखी.

मग काय, रोज ओहोळातून वळसा. निसरडे धोंडे, डोक्यावर ओझं. पाटी आपटली, टेम्पो चुकले, भाजी सडली. नामा म्हणाला, "सोड तो मळा." तेव्हा प्रेमा चुलीशी बसून रडली. मळा होता म्हणून तिला कुणापुढे हात पसरावा लागत नव्हता. डोळे पुसून ती म्हणाली, "सरकारी मोजनी आना. अर्धी वाट घेतल्याबिगर ऱ्हायाची नाय."

मोजणीवाले आले, त्यांनी खुणा रोवल्या. वाट सगळीच्या सगळी धोंडूबाईची निघाली. अर्धी सोडा, वीतभरसुद्धा प्रेमाची नव्हती. म्हणजे तिची सासू, त्या सासूची सासू, सगळ्या परक्याच्या जमिनीतून जात-येत होत्या आणि कुणी अडवलं नव्हतं. प्रेमा घरात जाऊन बसली. मळा गेला, असंच तिनं धरलं.

संध्याकाळी बाहेर खसफस ऐकू आली. बघते तर धोंडूबाई विळ्यानं काट्या बाजूला ओढत होती.

"मावशी, काय करता?"

"वाट मोकळी करते."

"पन ती तर तुमचीच निघाली."

"म्हनूनच तर," धोंडूबाई म्हणाली. "तू तुझी म्हनत व्हतीस तवर मी देऊ कशी? तवर नुसतं भांडन. आता माझी हाय, तर मी दिली. सकाळी टेम्पो गाठ."

प्रेमा खाली बसली आणि उरलेल्या काट्या हातांनीच ओढायला लागली. बोटांतून रक्त आलं तसं म्हातारीनं तिचा हात धरला. तेव्हा कुठे प्रेमाच्या तोंडून निघालं, "चुकले मावशी."

मळा आजही हिरवागार आहे. मध्यंतरी नामा म्हणाला, "म्हातारी थकली. तिचे उपकार फेडाया हवं कायतरी."

"तिचं सगळं करीन मी," प्रेमा म्हणाली. "पन फेडायचं बोलू नका. तिच्या उपकारातच बरी हाय मी."