शेवंताकाकीचं एक अळंबं

शेवंताकाकी 'शी!' म्हणाली की टोपली सरळ उकिरड्यावर जायची. मग त्या टोपलीसाठी कोणी सकाळभर काट्याकुट्यांत पाय रक्ताळून घेतलेले का असेनात. आषाढात वारुळांवर अळंबी फुटली की कसालजवळच्या आमच्या गावातलं प्रत्येक घर आपली टोपली आधी काकीच्या पडवीत आणायचं. अळंब्यांची जागा सख्ख्या भावालाही न सांगणारी ही माणसं, पण काकीने बघितल्याशिवाय चुलीवर भांडं चढवत नसत. लेकीच्या सासरी सागाच्या पानात बांधून धाडायची अळंबीसुद्धा आधी तिच्या नाकाखालून जायची.

काकी एकेक अळंबं हुंगायची, देठ नखाने खरवडायची आणि बुडाचं मूळ बघायची. "जेचा मूळ रोयणीत खोल जाता, ताच आपला. बाकीचा कोणाचा कोण जाणा!" रोयण म्हणजे वारूळ. कुजक्या लाकडावरचं एखादं टोपलीत निघालं तर कोणी आपल्या ताटात थुंकल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. त्या एकापायी ती सगळी टोपली फेकायला लावायची. रडून भेकून उपयोग नसे.

टोपली पसंत पडली की मात्र त्यातलं एक अळंबं ती स्वतःसाठी काढून घ्यायची. त्याच संध्याकाळी मीठ लावून निखाऱ्यावर भाजायची आणि खायची. "तुमच्या टोपलेत मराण आसला तर पयला माका येंवदे," असं म्हणून हसायची. अख्ख्या गावाने तिच्या या एका घासावर विश्वास टाकला होता.

माझा चुलतभाऊ दिगंबर हायवेच्या कडेला अळंबी विकायला बसायचा. 'शेवंताकाकीने बघितलेली' असं ओरडून विकायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी काकीने त्याची टोपली बघितली, आपलं एक काढून घेतलं. घरी आल्यावर दिगंबरने घरामागच्या परड्यातल्या कुजक्या ओंडक्यावरची अळंबी ओरबाडली आणि त्याच टोपलीत खाली सारली. मी समोर उभा होतो. "अरे, ह्यां काय करतंस?" मी विचारलं. "गिऱ्हाईकाक काय कळता?" तो दात काढून म्हणाला. मला शिसारी आली. पण आलेली शिसारी मी चहाबरोबर गिळली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. वाटेत दिगंबरकडून अळंबी घेऊन गेलेलं एक कुटुंब उलट्यांनी बेजार होऊन हॉस्पिटलात पडलं होतं. नशीब, सगळी वाचली. दिगंबरने बिनदिक्कत सांगितलं, "काकीनच बघितल्यान ती."

मी धावत काकीकडे गेलो आणि पाहिलं ते सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "बैठकेत ह्यां सांगशीत?"

"सांगतलंय," मी शब्द दिला.

देवळात गावाची बैठक भरली. "त्या टोपलेतला एक मी त्याच सांजेक खाल्लंय," काकी म्हणाली. "मी जिती आसंय मां? मागसून कोणी काय घातल्यान, ता विचारा." त्यावर कोणीतरी खाकरून म्हणालं, "म्हातारेचे डोळे गेले आता." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांची पोरंबाळं चाळीस वर्षं त्या डोळ्यांच्या भरवशावर जेवली, त्यांच्याच त्या माना. आजही आठवलं की किळस येते.

काकी माझ्याकडे वळली. "बोल रे बाबा."

शेजारी बसलेल्या माझ्या वडलांनी माझा गुडघा दाबला. "दिगंबर घरचो माणूस आसा," ते पुटपुटले. मी तोंडात मिठाची गुळणी धरून खाली बघत राहिलो. काकी पदर सावरून उठली आणि एकटी घरी गेली. त्यानंतर माझी एक सोडली तर तिच्या पडवीत टोपली आली नाही.

काकी यंदा शिमग्यानंतर गेली. मी तिच्याकडे शेवटचा गेलो तो गेल्या आषाढात, टोपली घेऊन. तिने 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. पूर्वीसारखंच एकेक हुंगलं, खरवडलं, मुळं बघितली. मग अख्खी टोपली माझ्याकडे सरकवली.

"बरी आसत. घेवन जा."

"काकी, तुझा एक?"

तिने माझ्याकडे बघितलं. तिचं नाक मुरडलेलं होतं. "आळमी बरी आसत रे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी बायकोने विचारलं, "काकीन आपला काढल्यान?"

"होय," मी म्हणालो.

तिने खोबऱ्याचं वाटप घालून रस्सा केला. सगळे बोटं चाटून जेवले. मी दोन घास खाल्ले आणि मागच्या परड्यात जाऊन भडाभडा ओकलो. घरात बाकी कोणाला काहीच झालं नाही. काकीने बघितलेली अळंबी होती ती.