दोन रेघांमधली कोरी जागा

धम्मपाल खरातला पियानो वाजवता येत नाही. पण पियानोची स्वरलिपी कॉम्प्युटरवर जुळवून परदेशी प्रकाशकांसाठी पानं तयार करणं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. नोटेशन वाचायला तो वडिलांकडून शिकला. कुंडलिक खरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. ते गेल्यावर भांडुपच्या वन रूम किचनमध्ये तो आणि आई, दोघंच उरले. दोन वर्षांपूर्वी आईही गेली. आता कधी कधी संध्याकाळी दुकानदाराशी बोलताना त्याच्या लक्षात येतं, की आज आपण पहिल्यांदाच तोंड उघडतोय.

गेल्या वर्षी त्याच्याकडे पियानोचा एक सोनाटा आला. दुसऱ्या महायुद्धात, वेढा पडलेल्या गावात एका तरुणाने लिहिलेला, तीन भागांचा. तो तरुण युद्धातून वाचला नाही. त्याच्या हस्तलिखिताचे स्कॅन, नंतर घाईत छापलेली एक प्रत आणि दोन्ही ताडून व्हिएन्नाच्या संपादकबाईंनी लिहिलेल्या टिपा, असं सगळं मिळून अभ्यासकांसाठी नवी आवृत्ती करायची होती.

दुसऱ्या, संथ भागात एके ठिकाणी दोन उभ्या रेघांमधली जागा हस्तलिखितात कोरी होती. स्वर नाही, थांबायची खूणही नाही. छापील प्रतीत तिथे चार स्वर घातलेले. बाईंची टीप होती: लिहायचं राहून गेलं असावं, छापील प्रतीप्रमाणे घ्या.

धम्मपालने तसं घेतलंही. मग सहज त्याने स्कॅन मोठा करून पाहिला. त्या जागेतल्या, स्वर लिहायच्या पाचही आडव्या रेघा पुसट होत्या, कागद खरवडल्यासारखा. विसरलेला माणूस कागद कशाला खरवडेल? त्याने काहीतरी लिहिलं होतं आणि काढून टाकलं होतं.

मत देणं हे धम्मपालचं काम नव्हतं. तरी चार ओळींचा इंग्रजी मेल लिहिण्यात त्याने अख्खी दुपार घालवली. नऊ दिवस उत्तर नाही. आपण उगाच बोललो, असं त्याला वाटायला लागलं. दहाव्या दिवशी बाईंनी कळवलं, की त्या स्वतः जाऊन मूळ कागद बघून आल्या. पात्याने खरवडलेला आहे. जागा कोरीच ठेवा.

पुस्तक कुरिअरने आलं. मागच्या टिपांमध्ये एक वाक्य होतं, ‘ही बाब जुळणी करणाऱ्याच्या लक्षात आली.’ नाव नव्हतं. हे वाक्य त्यानेच जुळवलं होतं, तरी पुन्हा वाचलं. मग घाटकोपरला बहिणीला फोन लावला.

“नीलम, माझं एक काम छापून आलंय.”

“अरे वा. पेपरात?”

“नाही गं, पुस्तक आहे. पियानोचं.”

“बरं झालं. जेवलास का?”

“जेवलो,” तो म्हणाला. जेवला नव्हता.

कॉम्प्युटर सोनाटा वाजवून दाखवायचा, पण सगळे स्वर एकाच वजनाचे. त्याला तो माणसाच्या हातून ऐकायचा होता. विचारत विचारत तो सांताक्रूझला हिल्डा कोलासो यांच्या दारात पोचला. मूळच्या गोराईच्या, वय शहात्तर, शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेल्या.

“काय शिकायचंय तुला?”

“काही नाही. फक्त ऐकायचंय.” त्याने पुस्तक पुढे केलं.

“मग रेकॉर्डिंग ऐक ना.”

“अजून कुणी केलेलं नाही.”

त्यांनी चष्मा बदलला आणि संथ भाग वाजवायला घेतला. कोऱ्या जागेपाशी आल्यावर हात उचलले.

“इथे किती थांबू?”

“ते त्याने लिहिलेलं नाही.”

त्या थांबल्या. वरून विमान गेलं. त्याचा आवाज पूर्ण विरला, तरी त्या आणखी थोडा वेळ थांबल्या, मग पुढे वाजवू लागल्या. धम्मपाल खुर्चीच्या टोकावर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होता.

संपल्यावर त्यांनी विचारलं, “घरी कोण असतं?”

“कुणी नाही.”

“हं. बस, चहा टाकते.”

पुढच्या रविवारी त्यांनी पहिला भाग बसवला. तिसरा धावता होता. दोन आठवडे प्रयत्न करून त्यांनी पुस्तक मिटलं.

“माझ्या बोटांना नाही झेपत रे. कुणीतरी तरुण शोध.”

धम्मपालने शोधलं नाही. रविवारी तो अजून जातो, त्या संथ भाग वाजवतात, दोघं चहा घेतात. तिसरा भाग त्याने माणसाच्या हातून अजून पूर्ण ऐकलेला नाही.